ड्रायव्हिंग स्कूलचा 21 दिवसांचा कोर्स: गाडीत काय शिकायचं आणि काय घरी वाचून जायचं

मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीला गेलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो. फी किती, आणि लायसन्स काढून देणार का? खरं तर आधी विचारायला हवं की स्टेअरिंगवर माझे हात प्रत्यक्ष किती तास असतील. हा आढावा कोणा एका स्कूलचा नाही. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत जो ठरावीक कोर्स मिळतो, म्हणजे छोटी हॅचबॅक, ड्युअल कंट्रोल (ट्रेनरच्या पायाशीही पेडल), रोज अर्धा तास आणि शेवटी आरटीओची टेस्ट, त्याचा आहे. त्यात पैसे कुठे वसूल होतात, कुठे होत नाहीत, आणि कोणती गोष्ट गाडीत बसून कधीच कळत नाही, ती वाचावीच लागते, एवढं इथे मांडलं आहे.

आधी तासांचा हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 31 प्रमाणे खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं असावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 10 तास. रोज अर्धा तास धरला तर 21 दिवसांचे साडेदहा तास होतात, म्हणजे नियम जेमतेम पाळला जातो. 15 दिवसांच्या पॅकेजमध्ये साडेसातच तास मिळतात. शिवाय पुष्कळ ठिकाणी गाडीत एका वेळी दोन शिकाऊ असतात. तुमच्या अर्ध्या तासात आधीच्याला घरी सोडणं आणि पुढच्याला घेणं हेही येतं. ते अंतर तुम्हीच चालवत असाल तर हरकत नाही. पण त्या वेळी स्टेअरिंग ट्रेनरकडे असेल, तर अर्ध्या तासाचे वीस मिनिटं उरतात आणि कोर्सचे सात तास. 2021 साली केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. त्यांत हलक्या मोटारीचा कोर्स 29 तासांचा आहे, 8 तास थिअरी आणि 21 तास प्रॅक्टिकल. नेहमीच्या कोर्सशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. म्हणून दोन स्कूलची तुलना फीवरून करू नका, एका प्रत्यक्ष तासाला किती रुपये पडतात त्यावरून करा.

ड्युअल कंट्रोल ही या सेवेतली सगळ्यात मोलाची चीज आहे, आणि शिकणं अडतंही तिथेच. ट्रेनरच्या पायाशी ब्रेक आणि क्लच असतात. त्याचा क्लच केबलने किंवा रॉडने तुमच्या क्लचला जोडलेला असतो. म्हणजे ट्रेनरने पाय दाबला की तुमच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जातं. नवखा माणूस सिग्नलवरून गाडी काढतो, गाडी बंद पडत नाही, त्याला वाटतं जमलं. प्रत्यक्षात शेजारच्या पायाने ती वाचवलेली असते. हे ओळखायची खूण साधी आहे: आपण पाय हलवलेला नसताना पेडल तळव्यापासून सुटलं किंवा नरम लागलं, की समजावं ट्रेनरचा पाय तिथे आहे. रहदारीत त्याने तसं करणं योग्यच आहे, त्यासाठीच ती सोय असते. पण पहिल्या चार-पाच दिवसांत मोकळ्या मैदानावर रोज निदान दहा मिनिटं ट्रेनरने दोन्ही पाय मागे घेऊन बसलं पाहिजे. गाडी बंद पडू दे, झटके खाऊ दे. गाडी का बंद पडली हे पायाला कळण्याचा दुसरा रस्ता नाही. चांगला ट्रेनर हे न सांगता करतो, आणि स्कूल निवडताना आमच्या लेखी हीच पहिली कसोटी.

क्लचवर थोडं थांबायला हवं, कारण अर्धा कोर्स तिथेच खर्च होतो. इंजिन रिकामं चालताना मिनिटाला सुमारे 800 फेरे घेत असतं आणि चाकं मात्र उभी असतात. या दोघांची गाठ क्लच प्लेट घालून देते. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती दाबली जाते, आधी घसरत घसरत, मग घट्ट. पेडल झटकन सोडलं की घसरायला वेळच मिळत नाही. उभ्या चाकांचा सगळा भार एकदम इंजिनावर येतो, फेरे खाली कोसळतात आणि गाडी बंद. पेडल थरथरत सोडलं तर प्लेट धर-सोड करते आणि गाडी उड्या मारते. हे वाचायला दोन मिनिटं लागतात. पण ज्याने ते वाचलेलं नाही तो आठवडाभर 'हळू सोड, हळू सोड' एवढंच ऐकत राहतो. हळू म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे त्याला कुणी सांगत नाही. पेडलचा वरचा आणि खालचा टप्पा वेगात सोडला तरी चालतो. जपायचा असतो तो मधला, जेमतेम दोन बोटांचा.

तो सापडण्यासाठी एक सराव पुरतो. सपाट मैदान, हँडब्रेक खाली, पहिला गिअर, उजवा पाय सगळ्या पेडलांपासून दूर. रेस अजिबात द्यायची नाही. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकवून पेडल वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, सीटमधून हलकी थरथर जाणवते, बॉनेट जरासं उचलल्यासारखं होतं. तिथे पाय दोन सेकंद तसाच धरा. गाडी आपणहून सरकायला लागते. ती माणसाच्या चालीने चालू लागली की उरलेलं पेडल सोडा. बहुतेक पेट्रोल हॅचबॅक पहिल्या गिअरमध्ये रेस न देता ताशी 5 ते 7 किमी वेगाने चालत राहतात. मग क्लच दाबून थांबा आणि पुन्हा तेच. अर्ध्या तासात अशा वीस-पंचवीस सुरुवाती होतात. रेस देऊन गाडी उचलायला पहिल्या दिवसापासून शिकवणाऱ्या स्कूलमध्ये गाडी बंद पडत नाही हे खरं, पण प्लेट जळते आणि पाय आंधळाच राहतो. करपट वास येत असेल तर समजा ती प्लेटच आहे.

आता यातली मेख. स्कूलच्या गाडीची क्लच प्लेट दिवसभर नवशिक्यांच्या पायाखाली झिजलेली असते. अशा गाडीत क्लच पेडलच्या अगदी वरच्या टोकाशी पकडतो. साडेदहा तासांत पाय तेवढं अंतर पाठ करतो. कोर्स संपल्यावर घरच्या नव्या गाडीत बसलं की तिथे क्लच निम्म्यावरच पकडतो आणि सोसायटीच्या गेटमध्येच गाडी तीनदा बंद पडते. माणूस म्हणतो, कोर्स फुकट गेला. तो फुकट गेलेला नसतो, पायाला एका गाडीची सवय झालेली असते इतकंच. क्लच पकडताना आवाज, थरथर आणि बॉनेट यांत काय बदलतं हे ज्याला माहीत आहे, तो कोणत्याही गाडीत पाच मिनिटांत ती जागा शोधतो. म्हणूनच शेवटच्या दोन-तीन दिवसांत निदान एकदा दुसरी गाडी चालवायला देणाऱ्या स्कूलला थोडी जास्त फी द्यायला हरकत नाही.

रिव्हर्स शिकवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र आमची ठाम तक्रार आहे. आरटीओच्या ट्रॅकसाठी सर्रास असा पाठ दिला जातो: दुसरा खांब मागच्या डाव्या काचेत आला की स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, बंपर रेषेला आला की दीड फेरा उलटा. गाडी चालवत शिकवलं म्हणून हा अनुभव ठरत नाही, ही घोकंपट्टीच आहे, फक्त वहीऐवजी सीटवर बसून केलेली. त्या ट्रॅकवर आणि त्याच गाडीत ती उपयोगी पडते. गाडीची लांबी बदलली, सीट दोन इंच पुढे सरकली किंवा खांबाच्या जागी सोसायटीतला नळाचा पाइप आला की सूत्र कोसळतं. त्याऐवजी तीन गोष्टी समजून घ्याव्यात. मागे जाताना गाडीचं ढुंगण स्टेअरिंग ज्या बाजूला वळवलं त्या बाजूला जातं. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून कापत जातात, म्हणून पुढे जाताना आतल्या बाजूचं मागचं चाक फुटपाथवर चढतं. आणि मागे घेताना गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला फिरतं, म्हणून शेजारच्या गाडीला घासतो तो पुढचा कोपरा. एवढं कळल्यावर वेग एकच ठेवायचा: ब्रेकवर पाय, क्लच अर्धा, गाडी रांगेल इतकाच. स्टेअरिंग फिरवायला वेळ हवा असेल तर गाडी थांबवावी, घाई करू नये.

'जजमेंट' हा या धंद्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द, आणि 'ते हळूहळू येतं' हे सगळ्यात जास्त दिलं जाणारं उत्तर. हळूहळू येतं हे खरं, पण लवकर आणताही येतं. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे गाडीची डावी कड त्याच्यापासून मीटरभर लांब असते आणि बंपरपुढची काही मीटर जमीन त्याला दिसतच नाही. रिकाम्या मैदानावर चुन्याची एक सरळ रेघ मारा. डावी चाकं त्या रेघेवर आणून गाडी थांबवा, सीटवरून न हलता पाहा की ती रेघ बॉनेटच्या कोणत्या भागाला भेटल्यासारखी दिसते. बहुतेक हॅचबॅकमध्ये ती डाव्या कोपऱ्याजवळ न दिसता बॉनेटच्या मध्याच्या आसपास दिसते, आणि नवशिक्याला धक्का बसतो तो इथेच. मग उतरून चाक खरोखर रेघेवर आहे का ते बघा. उंची आणि सीटप्रमाणे ती जागा बदलते, म्हणून ज्याची त्याने शोधायची. तसंच भिंतीकडे तोंड करून थांबा, उतरा, अंतर पावलांनी मोजा, परत बसा, थोडं पुढे घ्या, पुन्हा उतरा. चार-पाच वेळा उतरून बघणाऱ्याला जे समजतं ते दोन आठवडे नुसतं चालवणाऱ्याला समजत नाही, कारण डोळ्याने केलेला अंदाज खरा की खोटा हे गाडीत बसून कळायची सोयच नसते. ट्रेनर उतरू देत नसेल, 'वेळ जातो' म्हणत असेल, तर आग्रह धरा.

चढावर गाडी उचलायला सपाट शहरांतली स्कूलं हाफ क्लचवर शिकवतात. उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत ते निभतंही. पण घाटातल्या जाममध्ये दहा मिनिटं क्लचवर गाडी तोलून धरली तर प्लेट तापते आणि घसरू लागते. त्यापेक्षा हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच पकडेपर्यंत वर आणा, बॉनेट उचललं की हलकी रेस द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. मागे एक इंचही गाडी जाता कामा नये. हे सपाटीवर समजावून भागत नाही, चढावरच करावं लागतं.

आता ज्या गोष्टी अनुभवाने शिकायच्याच नसतात त्यांच्याकडे येऊ. ब्रेकचं अंतर ही त्यातली पहिली. साडेदहा तासांतला जवळजवळ सगळा वेळ ताशी 40 किमीच्या आत जातो. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. समोर काही आडवं आल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर 11 मीटर तिथेच संपतात, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर कचकचून ब्रेक लावल्यावर आणखी साधारण 9 मीटर. एकूण 20. ताशी 80 ला सेकंदभरात 22 मीटर जातात आणि ब्रेकचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं, म्हणजे सुमारे 35. एकूण 57 मीटर. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. पायाला 40 ची सवय झालेला माणूस लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात एक्स्प्रेसवेवर जातो आणि त्याचा अंदाज वीस मीटरवाला असतो. हा आकडा अनुभवातून शिकायचा म्हणजे एकदा आदळूनच शिकायचा. तो कागदावर शिकावा, आणि रस्त्यावर वापरण्यासाठी सोपं माप ठेवावं: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेल्यावर आपण तिथे पोचेपर्यंत कोरड्या रस्त्यावर निदान दोन सेकंद आणि पावसात चार सेकंद गेले पाहिजेत.

एबीएसचंही, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडतं आणि घरघर आवाज येतो. हे आधी वाचलेलं नसेल तर माणूस काहीतरी मोडलं असं समजून पाय उचलतो, नेमक्या चुकीच्या क्षणी. वाचलेलं असलं तरी पुरत नाही. मोकळ्या जागेत, मागे कुणी नसताना, ताशी 30 किमी वेगावर एकदा पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून धडधड पायाला दाखवावी लागते. गाडीत एबीएस आहे का हे आधी विचारून घ्या. आमच्या मते हा सराव प्रत्येक कोर्समध्ये सक्तीचा असायला हवा, आणि तो जवळपास कुठेच नसतो.

नियमांच्या बाबतीत स्कूलचं योगदान तुटपुंजं आहे. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत 60 टक्के उत्तरं बरोबर आली की पास, म्हणून प्रश्नसंच पाठ करवून घेतला जातो आणि विषय संपतो. चिन्हं पाठ करायची गरजच नाही, त्यांची रचना समजली की पुरे. लाल कडेचं वर्तुळ मनाई सांगतं, निळं वर्तुळ सक्ती, लाल कडेचा त्रिकोण सावधगिरी आणि निळा आयत माहिती. थांबायचं चिन्ह मुद्दाम अष्टकोनी आहे, धुळीने माखलं तरी आकारावरून ओळखू यावं म्हणून. 2017 च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांत पहिला हक्क कुणाचा हे स्पष्ट आहे: गोल चौकात आधीपासून असलेल्या गाडीचा, आणि अरुंद डोंगरी रस्त्यावर चढ चढणाऱ्या गाडीचा. रस्त्यावर याच्या उलटच दिसतं. म्हणजे इथे अनुभव चुकीचं शिकवतो, रोज आणि न चुकता. पावसात चारही इंडिकेटर लावून धावणाऱ्या गाड्या पाहून नवा चालक तेच उचलतो. त्या गाडीचा वळायचा इशारा आता कुणालाच दिसणार नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पावसात लो बीम लावावा, काच धुरकटली तर एसी चालू करून हवा पुढच्या काचेवर सोडावी, वेग कमी करावा.

आरशांसाठी पहिल्या दिवशी पाच मिनिटं द्या. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची फक्त एक बारीक पट्टी दिसावी, उरलेला रस्ता. तरीही मागच्या दाराच्या रेषेत आलेली दुचाकी दिसत नाही. पुण्यासारख्या शहरात डावीकडून घुसणारी स्कूटर नेमकी तिथेच असते, म्हणून डावीकडे वळण्याआधी मान वळवून पाहायचं.

सिम्युलेटर असेल तर गिअरचा क्रम आणि इंडिकेटरची सवय लागायला बरा. क्लच त्यावर शिकू नका, कारण सीटमधली थरथर तिथे नसते. फक्त ऑटोमॅटिक चालवणार असाल तरी हलक्या मोटारीचं लायसन्स दोन्हीला चालतं, त्यामुळे निदान अर्धा कोर्स मॅन्युअलवर केलेला बरा.

कोर्सचे शेवटचे पाच दिवस कसे घालवावेत यावर आमचा आग्रह आहे. तोवर ट्रेनर 'सेकंड टाक, हॉर्न दे, ब्रेक' असं बोलत असतो आणि शिकाऊ हुकूम पाळत असतो. हातपाय चालतात, निर्णय मात्र शेजारी होतो. शेवटचे पाच दिवस उलटं करायला सांगा: ट्रेनर गप्प, आणि तुम्ही मोठ्याने बोलायचं. 'पुढे रिक्षा थांबतेय, आरसा बघितला, मागे मोकळं आहे, इंडिकेटर, बाहेर काढतोय.' तुम्ही काय पाहिलं नाही हे ट्रेनरला लगेच ऐकू येतं. त्यातला एक दिवस अंधार पडल्यावरचा मागा. समोरून डिपर न देणाऱ्या गाडीच्या उजेडात रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवून जायचं असतं, आणि त्याचा सराव सकाळी सातच्या बॅचमध्ये होत नाही.

कोर्सच्या बाहेरचे तासही मोजा. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. म्हणजे 21 दिवस संपल्यावरही मध्ये वेळ उरतो. त्यात घरच्या गाडीवर सराव करायचा असेल तर पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, पाटी किमान 18 सेंटीमीटर चौरस आणि अक्षर किमान 10 सेंटीमीटर उंच. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि तिचा हात हँडब्रेकपर्यंत पोचायला हवा. हँडब्रेकच्या जागी बटण असलेल्या गाडीत ते बटण चालत्या गाडीत दाबून धरल्यावर काय होतं हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत वाचून दोघांनीही माहीत करून घ्या.

गुण द्यायचे तर हातापायाच्या शिक्षणासाठी या कोर्सला पाचांपैकी चार, रिव्हर्सला दोन, नियम आणि ब्रेकच्या समजुतीला एक. घ्यावा का? जरूर घ्यावा, घरच्या माणसाकडून रस्त्यावर शिकण्यापेक्षा ड्युअल कंट्रोलची गाडी कितीतरी सुरक्षित. फक्त पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा: प्रत्यक्ष तास किती, गाडीत एका वेळी किती शिकाऊ, मैदानावरचे आणि अंधारातले दिवस किती, आणि ट्रेनर मधेच बदलणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर दुसरी स्कूल पाहा, कारण तुमचा पाय कुठे अडतो हे नव्या ट्रेनरला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं आणि ते तास तुमच्याच फीतून जातात.